विश्लेषण : प्लगइन ‘इन्स्टॉल’ का होत नाही? फोल्डरच्या परवानग्यांचे गणित काय?

दिवाळी अंकाचे काम संपत आलेले असते. आगाऊ नोंदणीसाठी संकेतस्थळावर एक फॉर्म लावायचा आणि ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सोय करायची, एवढेच उरलेले असते. त्यासाठीचे प्लगइन फुकट मिळते, समोर ‘इन्स्टॉल नाऊ’ असे बटणही असते. ते दाबले की गोल चक्र थोडा वेळ फिरते आणि उत्तर येते : ‘इन्स्टॉलेशन फेल्ड. कुड नॉट क्रिएट डिरेक्टरी.’ म्हणजे फोल्डर तयार करता आले नाही. संकेतस्थळ बनवून देणारा मुलगा नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात गेलेला असतो. फोनवर तो किंवा दुसरा कोणी जाणकार एका वाक्यात उपाय सांगतो, ‘फोल्डरला ७७७ दे, लगेच चालेल.’ आणि ते खरेच चालते. खरी अडचण तिथून सुरू होते.

जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे ज्या वर्डप्रेसवर चालतात, तिथे ही त्रुटी नित्याची आहे. जूमलासारख्या इतर प्रणालींतही ती वेगळ्या शब्दांत भेटते. वाचनालये, पतसंस्था, शाळा, छोटे प्रकाशक यांची संकेतस्थळे बहुधा वर्षाकाठी काही हजार रुपयांच्या सामायिक होस्टिंगवर असतात आणि तिथे देखभालीला माणूस नसतो. त्यामुळे ही त्रुटी म्हणजे काय, हे संकेतस्थळाच्या मालकालाच थोडेफार कळलेले बरे.

फोल्डर तयार होत नाही, म्हणजे नेमके काय?

प्लगइन म्हणजे शेवटी फायलींचा एक गठ्ठा. बटण दाबल्यावर वर्डप्रेस तो गठ्ठा झिप स्वरूपात उतरवून घेते, ‘डब्ल्यूपी-कन्टेन्ट’ या फोल्डरातील ‘अपग्रेड’ नावाच्या जागी तो सोडते आणि मग शेजारच्या ‘प्लगइन्स’ फोल्डरात हलवते. यांतील प्रत्येक टप्प्यावर सर्व्हरवर नवे फोल्डर तयार करावे लागते. सर्व्हरने ‘तुला इथे लिहिण्याचा अधिकार नाही’ असे सांगितले की काम तिथेच थांबते. वर्डप्रेस ६.३ पासून, म्हणजे २०२३ पासून, अद्ययावत करताना प्लगइनची जुनी प्रत आधी ‘अपग्रेड-टेम्प-बॅकअप’ या फोल्डरात हलवून ठेवली जाते, जेणेकरून नवी प्रत बिघडली तर जुनी परत आणता येईल. सोय चांगली आहे, पण लिहिण्याची परवानगी लागणारी आणखी एक जागा त्यामुळे वाढली.

म्हणून त्रुटीचा संदेश पूर्ण वाचावा. ‘कुड नॉट क्रिएट डिरेक्टरी’ या शब्दांपुढे बहुतेक वेळा फोल्डरचा पूर्ण पत्ता दिलेला असतो. बरेच जण तो न वाचताच सगळ्या संकेतस्थळाच्या परवानग्या बदलायला घेतात. दुरुस्ती त्या एका फोल्डरापुरती असू शकते.

७५५ आणि ६४४ हे आकडे कशाचे?

१९६९ नंतर अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली घडवली. तेव्हा एक मोठा संगणक अनेक जण वापरत. एकाच्या फायलीत दुसऱ्याने हात घालू नये, ही तिथली रोजची गरज होती. आजचे बहुतेक वेब सर्व्हर ज्या लिनक्सवर चालतात, तिने हीच पद्धत उचलली. सामायिक होस्टिंग म्हणजेही एका वाड्यातली अनेक बिऱ्हाडेच. दार एक, जिना एक, पण प्रत्येकाच्या खोलीला कुलूप वेगळे.

तीन आकड्यांतील पहिला आकडा फायलीच्या मालकासाठी, दुसरा मालकाच्या गटासाठी आणि तिसरा उरलेल्या सगळ्यांसाठी. प्रत्येक आकडा ही एक बेरीज असते : वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे १. म्हणजे ७ म्हणजे सर्व अधिकार, ६ म्हणजे वाचणे आणि लिहिणे, ५ म्हणजे वाचणे आणि चालवणे, ४ म्हणजे फक्त वाचणे. फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणे’ याचा अर्थ थोडा निराळा आहे. तिथे तो ‘आत शिरणे’ असा होतो. म्हणून फोल्डरांसाठी ७५५ आणि फायलींसाठी ६४४ हा सर्वसाधारण शिरस्ता आहे. मालक लिहू शकतो, बाकीचे पाहू शकतात.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. एखादी फाइल नव्याने ठेवणे किंवा असलेली काढून टाकणे, याचा अधिकार त्या फायलीच्या आकड्यावर नव्हे, तर ती ज्या फोल्डरात आहे त्याच्या आकड्यावर ठरतो. फाइल ४४४ करून ‘आता कोणी हात लावणार नाही’ म्हणून निर्धास्त व्हावे, आणि फोल्डर मात्र सर्वांना उघडे असावे, तर ती फाइल दुसऱ्या कोणालाही काढून टाकता येते. पेटीला कुलूप घातले, पण पेटी उचलून नेणाऱ्याला अडवले नाही, असा तो प्रकार.

आकडे बरोबर असूनही त्रुटी का येते?

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. फोल्डर ७५५ आहे, पुस्तकी उत्तर बरोबर आहे, तरी प्लगइन बसत नाही. कारण ७५५ मध्ये लिहिण्याचा अधिकार फक्त मालकाला असतो आणि मालक भलताच कोणी असतो.

सातबाऱ्याचे उदाहरण घेता येईल. नमुना सातवर जमीन एकाच्या नावे असते आणि प्रत्यक्षात कसणारा दुसराच असतो. कसणाऱ्याने विहीर खणायची म्हटली की नाव कोणाचे, हा प्रश्न येतो. सर्व्हरवरही प्रत्येक फायलीला मालक असतो आणि वर्डप्रेसचा पीएचपी कार्यक्रमही कोणत्या तरी वापरकर्त्याच्या नावाने चालत असतो. ही दोन नावे एकच असतील तर ७५५ पुरते. ती वेगळी असतील तर पीएचपी हा ‘उरलेल्या सगळ्यां’पैकी एक ठरतो आणि त्याला केवळ वाचण्याची मुभा राहते.

नावे वेगळी कशी होतात? एका होस्टिंगवरून दुसरीकडे संकेतस्थळ हलवताना, जुनी बॅकअप प्रत परत चढवताना, किंवा स्वतंत्र सर्व्हरवर कोणी ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकारी म्हणून लॉगइन करून फायली टाकल्या असतील तर. त्या फायलींचा मालक रूट होतो. डेबियन किंवा उबुंटूवर वेब सर्व्हर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या नावाने, तर रेड हॅटच्या कुळातील प्रणालींवर अपाचे सर्व्हर ‘अपाचे’ या नावाने चालतो. मालकी बदलली की त्रुटी जाते, आकड्यांना हात लावावा लागत नाही. मात्र फायलीचा मालक बदलण्याचा अधिकार साध्या खातेदाराला नसतो, तो रूटकडेच असतो. सामायिक होस्टिंगवर म्हणूनच हे काम कंपनीच्या साहाय्य कक्षालाच सांगावे लागते.

वर्डप्रेस मध्येच एफटीपीचा पासवर्ड का मागते?

काही वेळा त्रुटीऐवजी एक चौकट उघडते आणि होस्टचे नाव, एफटीपीचे वापरकर्तानाव, पासवर्ड विचारला जातो. अनेकांना ही फसवणूक वाटते. संशय घेण्याची सवय चांगलीच, पण बहुतेकदा त्यामागे तेच मालकीचे कारण असते. वर्डप्रेस एक तात्पुरती फाइल तयार करून पाहते आणि तिचा मालक स्वतःच्या फायलींच्या मालकाशी ताडून बघते. दोन्ही जुळले नाहीत तर थेट लिहिण्याऐवजी ते एफटीपीच्या वाटेने, म्हणजे खऱ्या मालकाच्या नावाने लिहू पाहते.

ही चौकट टाळण्यासाठी ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ या फायलीत ‘एफएस-मेथड’ ही एक ओळ घालून तिला ‘डायरेक्ट’ असे मूल्य देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने मालकांची पडताळणी टळते, परवानगी मिळत नाही. फोल्डरात लिहिता येत नसेल तर चौकट जाते आणि तिच्या जागी ‘कुड नॉट क्रिएट डिरेक्टरी’ परत येते. आणि साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, हेही लक्षात ठेवायला हवे. ‘एसएफटीपी’ची सोय असेल तर तीच वापरावी.

मग ‘७७७’चा सल्ला आला कुठून?

तो पूर्वी अगदीच वेडगळ नव्हता. २००० नंतरच्या दशकात बहुतांश सामायिक सर्व्हरवर सगळ्या ग्राहकांचा पीएचपी ‘नोबडी’सारख्या एकाच नावाने चाले. मालक ग्राहक, चालवणारा ‘नोबडी’, म्हणून चित्रे चढवायची तरी ‘सर्वांना लिहू द्या’ असे सांगण्यावाचून इलाज नसे. त्या काळी लिहिलेल्या सूचना आजही जशाच्या तशा फिरत आहेत. आता बहुतेक होस्टिंगवर प्रत्येक खात्याचा पीएचपी त्याच खात्याच्या नावाने चालतो. तिथे ७७७ ची गरजच नसते. उलट अपाचेच्या ‘एसयू-एक्झेक’सारख्या व्यवस्थेत इतरांना लिहिता येईल असे फोल्डर दिसले की ती कार्यक्रम चालवायलाच नकार देते आणि संकेतस्थळावर ५०० क्रमांकाची त्रुटी येते. प्लगइन बसवायला गेले आणि मुखपृष्ठही गेले, असे त्यामुळे घडते.

जिथे ते चालते, तिथे धोका अधिक. सामायिक सर्व्हरवर शेजारच्या खात्यात कोणी शिरला, तर सर्वांना खुले असलेले फोल्डर त्याला आयतेच सापडते. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेतील एका होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवरील अनेक वर्डप्रेस संकेतस्थळांबाबत असाच प्रकार घडला. तिथे तर लिहिण्याचीही गरज पडली नाही. डेटाबेसचा पासवर्ड असलेली ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइल त्याच सर्व्हरवरील इतर खात्यांना वाचता येत होती, एवढे पुरले. म्हणून या एका फायलीसाठी ६४४ हा आकडाही सैल मानला जातो. ती ६०० किंवा ६४० ठेवावी. वर्डप्रेसच्या सुरक्षाविषयक सूचना तर ४४० किंवा ४०० सुचवतात. पीएचपी खात्याच्याच नावाने चालत असेल तर ६०० ने काही अडत नाही.

दुसरे उदाहरण २०११ च्या ऑगस्टमधले. चित्रांचा आकार बदलणारी ‘टिमथंब’ नावाची एक छोटी फाइल त्या वेळी असंख्य थीममध्ये वापरली जात होती. ठरावीक संकेतस्थळांवरूनच चित्रे घ्यायची, असा तिचा नियम होता. पण पत्ता तपासण्याची पद्धत ढिली होती. हल्लेखोरांनी चित्राऐवजी पीएचपी फाइल पाठवली. ती लिहिता येणाऱ्या आणि ब्राउझरमधून थेट उघडता येणाऱ्या कॅशे फोल्डरात जाऊन बसली. एखाद्या जागी लिहिताही येते आणि तिथला कार्यक्रम बाहेरून चालवताही येतो, हे दोन्ही एकत्र आले की काय होते, ते त्या महिन्यात अनेकांनी अनुभवले. ‘अपलोड्स’ फोल्डरात पीएचपी चालू न देण्याची खबरदारी आज घेतली जाते, ती याच कारणाने.

जूमलामध्ये काय वेगळे?

२००५ मध्ये ‘मॅम्बो’ या प्रणालीतून फुटून जूमला जन्माला आली. हे नाव स्वाहिलीतील ‘जुमला’ या शब्दावरून घेतले आहे. जमाखर्चात ‘एकूण’ या अर्थाने येणारा मराठीतला ‘जुमला’ही त्याच अरबी मुळाचा. तिथे प्लगइन, मॉड्यूल, कम्पोनंट अशा सगळ्यांना मिळून ‘एक्स्टेंशन’ म्हणतात आणि ती आधी ‘टेम्प’ फोल्डरात उघडली जातात.

जूमलातील तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचा परवानगीशी संबंधच नसतो. संकेतस्थळ नव्या होस्टिंगवर हलवले जाते, पण ‘कॉन्फिगरेशन’ फायलीत टेम्प फोल्डरचा जुन्या सर्व्हरवरील पत्ता तसाच राहतो. नव्या सर्व्हरवर तो पत्ता अस्तित्वातच नसतो. मग ‘फेल्ड टू मूव्ह फाइल’ असा इशारा येतो आणि माणूस दिवसभर आकडे बदलत बसतो. ‘ग्लोबल कॉन्फिगरेशन’मधील ‘सर्व्हर’ या भागात टेम्प फोल्डरचा पत्ता दिसतो, तो दुरुस्त केला की काम होते. जूमलात ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ अंतर्गत ‘फोल्डर परमिशन्स’ असे पानच आहे. कोणत्या फोल्डरात लिहिता येते आणि कोणत्या नाही, हे तिथे एका नजरेत कळते.

मोबाइलवरून काय करता येईल?

बरेच काही. वर्डप्रेस ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून, ‘टूल्स’मध्ये ‘साइट हेल्थ’ हे पान आले. त्याच्या ‘इन्फो’ भागात खाली ‘फाइलसिस्टीम परमिशन्स’ हा मथळा आहे. तिथे मुख्य फोल्डर, अपलोड्स, प्लगइन्स, थीम्स या प्रत्येकापुढे ‘रायटेबल’ किंवा ‘नॉट रायटेबल’ असे लिहिलेले असते. फोनच्या ब्राउझरमध्ये ते नीट दिसते. पहिली तपासणी हीच.

दुसरी तपासणी जागेची. होस्टिंगचा कोटा भरला असेल तरीही फोल्डर तयार होत नाही आणि संदेश तोच येतो. अनेक होस्टिंगवर एकूण फायलींच्या संख्येवरही मर्यादा असते. जागा शिल्लक दिसते, पण संख्या संपलेली असते. जुन्या बॅकअप प्रती, साठलेले ईमेल, कॅशे काढून टाकले की त्रुटी नाहीशी झाल्याचे अनेकदा आढळते. परवानग्यांना हात लावण्याआधी ही दोन मिनिटांची खात्री करून घ्यावी.

त्यानंतर होस्टिंगच्या नियंत्रण फलकावरील ‘फाइल मॅनेजर’. सी-पॅनलमध्ये फोल्डर निवडून ‘परमिशन्स’ उघडले की वाचणे, लिहिणे, चालवणे अशा नऊ चौकोनांची तक्ती दिसते. खाली तीन आकडे असतात. बदल करण्याआधी जुना आकडा लिहून ठेवावा किंवा स्क्रीनशॉट घ्यावा. ‘डब्ल्यूपी-कन्टेन्ट’, ‘प्लगइन्स’, ‘अपग्रेड’, ‘अपलोड्स’ हे ७५५ नसतील तर तसे करावेत. ‘अपग्रेड’ फोल्डरात अर्धवट राहिलेला मागचा पसारा असेल तर तो काढून टाकता येतो. ‘पब्लिक-एचटीएमएल’ या सर्वांत बाहेरच्या फोल्डरला मात्र विनाकारण हात लावू नये. सी-पॅनलवर तो अनेकदा मुद्दाम ७५० ठेवलेला असतो.

सर्व फोल्डर आणि फायलींना एकाच झटक्यात एकच आकडा देणे ही नेहमीची चूक. सगळ्यांना ६४४ दिले तर फोल्डरांतून ‘आत शिरण्याचा’ अधिकार निघून जातो आणि संपूर्ण संकेतस्थळ बंद पडते. संगणकावरून फाइलझिलासारखे साधन वापरत असाल तर तिथे ‘फक्त फोल्डरांना’ आणि ‘फक्त फायलींना’ असे वेगळे पर्याय आहेत. आधी फोल्डर, मग फायली, असे दोनदा करावे.

एवढ्यानेही झाले नाही तर प्रश्न मालकीचा आहे, असे समजून साहाय्य कक्षाला लिहावे. ‘प्लगइन चालत नाही’ असे लिहिले की ‘प्लगइनच्या निर्मात्याला विचारा’ असे उत्तर ठरलेले. त्याऐवजी त्रुटीतील फोल्डरचा पूर्ण पत्ता, वेळ आणि ‘या फोल्डरांची मालकी माझ्या खात्याच्या नावे करावी’ एवढे नेमके वाक्य लिहिले, तर बहुधा एका फेरीत काम होते. काही कंपन्यांच्या फलकावर परवानग्या पूर्ववत करणारे बटणही असते.

स्वतःचा सर्व्हर असेल तर?

तिथे मालकी बदलणे हाती असते, पण एक निर्णयही घ्यावा लागतो. सगळ्या फायली वेब सर्व्हरच्या नावे केल्या की प्लगइन बसवणे, अद्ययावत करणे सगळे बिनबोभाट होते. पण मग एखाद्या प्लगइनमधील एका चुकीतून शिरलेल्याला संकेतस्थळाची कोणतीही फाइल बदलता येते. उलट, सगळे बंद करून ठेवले की प्रत्येक अद्यतन हाताने करावे लागते. वर्डप्रेस ३.७ पासून, म्हणजे २०१३ पासून, किरकोळ सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसतात, त्याही अडतात. कागदावर कडक बंदोबस्त अधिक चांगला दिसतो. पण ज्या संकेतस्थळाकडे वर्षभर कोणी फिरकत नाही, तिथे न बसलेल्या दुरुस्त्या हा मोठा धोका आहे. अशा ठिकाणी लिहू देणे आणि अद्यतने चालू ठेवणे हेच व्यवहार्य.

रेड हॅटच्या कुळातील सर्व्हरवर मालक बरोबर, आकडा बरोबर, जागा भरपूर आणि तरीही लिहिता येत नाही, असे झाल्यास ‘एसई-लिनक्स’ या वेगळ्या पहाऱ्याकडे पाहावे. तो फोल्डरावरची स्वतंत्र चिठ्ठी तपासतो. ‘वेब सर्व्हरला इथे लिहिता येईल’ अशी चिठ्ठी त्या फोल्डराला लावणे हा उपाय. घाईत हा पहाराच बंद करून टाकण्याकडे कल असतो, तो टाळावा.

७७७ देऊन झाले असेल तर?

आकडा ७५५ वर आणावा, पण तेवढ्यावर थांबू नये. मधल्या काळात कोणी काही ठेवून गेले का, हे पाहायला हवे. ‘अपलोड्स’ फोल्डरात चित्रे आणि पीडीएफ असतात. तिथे पीएचपी फाइल दिसली तर ती तिथे का आहे, हे विचारलेच पाहिजे. फाइल मॅनेजरमध्ये तारखेनुसार क्रम लावला की अलीकडे बदललेल्या फायली वर येतात. अद्यतन केलेले नसताना ज्या फायलींची तारीख नवी आहे, त्या संशयास्पद. ‘युझर्स’च्या यादीत अनोळखी प्रशासक आहे का, तेही पाहावे. तसे काही आढळले तर प्रशासकाचा, होस्टिंगचा आणि डेटाबेसचा असे तिन्ही पासवर्ड बदलावेत, वर्डप्रेसच्या मूळ फायली नव्याने चढवाव्यात आणि ७७७ देण्यापूर्वीच्या तारखेची बॅकअप प्रत होस्टिंग कंपनीकडे आहे का, हे त्याच दिवशी विचारावे. अनेक कंपन्या जुन्या प्रती काही आठवड्यांनंतर काढून टाकतात.